ग्रंथालयाच्या संध्याकाळींना कात्री लावू नका

प्रति,
सार्वजनिक ग्रंथालयांची वेळ, जागा आणि अंदाजपत्रक ठरवणारे सर्व लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि ग्रंथालय समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

समाजातल्या निरनिराळ्या लोकांना एकत्र आणण्याचे काम ग्रंथालयांनी करावे, असे तुम्ही हल्ली आवर्जून सांगता. उद्घाटनाच्या भाषणांत सांगता, धोरणाच्या मसुद्यांत लिहिता. ऐकून बरे वाटते. पण त्या कामासाठी पैसा मंजूर होतो तेव्हा तो जातो एका दिवसाच्या महोत्सवाला, पाहुण्यांना आणि फलकांना. त्याच वर्षी, त्याच अंदाजपत्रकात, ग्रंथालयाची संध्याकाळची पाळी बंद होते, सुटीच्या दिवशी कुलूप लागते आणि निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याची जागा रिकामीच राहते. महोत्सवाला माझा विरोध नाही. पण माणसे एकमेकांना सरावतात ती रोज उघड्या असलेल्या दारामुळे आणि दाराच्या आत बसलेल्या माणसामुळे. तुम्ही नेमकी याच दोन गोष्टींना कात्री लावता आहात.

मी नोकरीची सगळी वर्षे सार्वजनिक ग्रंथालयांच्या देवघेव विभागात काढली. त्या टेबलामागून जे दिसते ते समितीच्या बैठकीत दिसत नाही, म्हणून हे पत्र.

दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर येऊन थांबलेले वृत्तपत्रांचे वाचक असतात. दुपारी तान्ह्या बाळाला घेऊन आलेली आई असते. घरात दिवसभर बोलायला मोठे माणूस नाही म्हणून ती आलेली असते, बालविभागातली पुस्तके हे निमित्त. शाळा सुटली की मुले येतात. संध्याकाळी कामावरून परस्पर आलेला माणूस हातात कुठल्यातरी कार्यालयाचे पत्र घेऊन उभा असतो आणि त्याला ते कोणाकडून तरी वाचून हवे असते. यांतली बहुतेक माणसे आयुष्यात एकमेकांच्या घरी जाणार नाहीत. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, भाषा वेगळ्या, कमाई वेगळी. पण एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली ती तासन्‌तास बसतात. कोणी कोणाला बोलावलेले नसते आणि कोणी कोणाचा पाहुणाही नसतो.

नॉर्वेतले ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक रॅग्नार आउडुन्सन यांनी २००५ मध्ये याबद्दल एक फार उपयोगी भेद मांडला. भेटीच्या काही जागा अशा असतात की तिथे आपण आपल्यासारख्यांनाच भेटतो: आपला धर्म, आपला पक्ष, आपला छंद, आपला व्यवसाय. तिथे जीव ओतला जातो, घट्ट नाती जुळतात. दुसऱ्या जागा सौम्य असतात. तिथे आपण कोणाला भेटायला म्हणून जात नाही, तरी आपल्याहून वेगळी माणसे नजरेला पडतात, कानावर पडतात, हळूहळू ओळखीची होतात. आउडुन्सन यांचे म्हणणे असे की अनेक संस्कृतींच्या समाजाला या दुसऱ्या प्रकारच्या जागांची निकड असते, त्या मात्र कमी होत चालल्या आहेत, आणि सार्वजनिक ग्रंथालय ही त्यांतली महत्त्वाची जागा आहे. नॉर्वेने पुढे ग्रंथालय कायद्यात दुरुस्ती केली. १ जानेवारी २०१४ पासून तिथल्या कायद्यात लिहिले आहे की सार्वजनिक ग्रंथालयाने लोकांच्या भेटीची आणि सार्वजनिक चर्चेची स्वतंत्र जागा व्हावे. फिनलंडचा २०१७ पासून लागू झालेला कायदाही सामाजिक आणि सांस्कृतिक संवाद वाढवणे हे ग्रंथालयाचे काम मानतो. शिकायला, काम करायला, नागरिकांच्या उपक्रमांना जागा देणे हेही त्याच यादीत येते.

सौम्य भेट म्हणजे काय, हे एका टेबलावरून सांगते. आमच्या एका शाखेत खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही चित्राचे तुकडे जुळवायचे मोठे कोडे पसरून ठेवत असू. ना फलक, ना नावनोंदणी. येता-जाता कोणीही बसावे, चार तुकडे लावावेत, उठून जावे. तिथे एक वयस्कर बाई रोज कडेचे तुकडे शोधायच्या. शहरात नव्याने आलेला, आमची भाषा जेमतेम कळणारा एक तरुण त्यांच्या समोर बसू लागला. त्याने आकाशाचा भाग धरला होता. नुसता निळा, सर्वांत किचकट. कित्येक दिवस दोघांत एक शब्द झाला नाही. मग बाईंनी एक तुकडा त्याच्याकडे सरकवला. पुढे रंगांची नावे सुरू झाली, आकडे सुरू झाले आणि एके दिवशी तो आपल्या हातातला अर्ज घेऊन देवघेवीच्या टेबलाशी माझ्याकडे न येता त्यांच्याकडे गेला. त्यांनी चष्मा काढून पुसला, अर्ज नीट वाचला आणि कुठे सही करायची ते बोट ठेवून दाखवले.

हे टेबल कुठल्याही अहवालात आले नाही, कारण त्याला नाव नव्हते आणि खर्च नव्हता. पुढे पुस्तके आपली आपण नोंदवण्याचे यंत्र आले आणि त्याला खिडकीजवळचीच जागा लागली. टेबल हलवण्याच्या आदेशावर ज्यांनी सही केली त्यांना ते टेबल काय करत होते हे माहीत नव्हते. त्यांना विचारावेसे वाटले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. अशा लहान लहान सह्यांनी ग्रंथालयातली भेटीची जागा कमी होत जाते, हे तुमच्या ध्यानात यावे म्हणून इतके तपशिलात लिहिले.

नुसते शेजारी बसल्याने दुरावा संपतो, असे मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवले आहे की वेगळ्या गटांतल्या माणसांचा संपर्क पूर्वग्रह कमी करतो तो काही अटींवर: दोघांचा दर्जा त्या ठिकाणी सारखा असावा, काहीतरी सामायिक उद्दिष्ट असावे, एकमेकांच्या मदतीने काम करावे लागावे आणि त्या संपर्काला संस्थेचा, नियमांचा पाठिंबा असावा. या अटी आपल्या रोजच्या जागांना लावून पाहा. बाजारात एक विकतो आणि दुसरा घेतो. कार्यालयात साहेब आणि हाताखालचा. उपाहारगृहात खिशात पैसे असतील तोवर बसायचे. सार्वजनिक ग्रंथालयात मात्र बँकेतल्या अधिकाऱ्याला आणि बांधकामावरच्या मजुराला एकच ओळखपत्र, एकच मुदत, एकच रांग. पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर दोघांनीही थांबायचे. सारख्या दर्जाची अट ग्रंथालय पहिल्या दिवसापासून पाळते आणि ही फार मोठी गोष्ट आहे. सामायिक उद्दिष्ट मात्र आपोआप येत नाही, ते घडवावे लागते. हेलसिंकीच्या ऊदी ग्रंथालयाची इमारत पाहायला जगभरातून माणसे जातात. मला तिथल्या मधल्या मजल्याचे अप्रूप जास्त आहे. डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या या ग्रंथालयात त्या मजल्यावर शिलाई यंत्रे आहेत, संगीताच्या खोल्या आहेत, एकत्र काम करायची टेबले आहेत. यंत्रात दोरा कसा ओवायचा हे शेजारच्या अनोळखी माणसाला विचारावेच लागते. त्यासाठी संसदेसमोर नवी इमारत उभारावी लागत नाही. एक यंत्र, एक टेबल आणि ते रोज उघडून ठेवणारे माणूस एवढ्यावर भागते.

संस्थेच्या पाठिंब्याची अट सर्वांत कठीण, आणि ती थेट तुमच्या हातात आहे. इथे मला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहराची आठवण करून द्यायची आहे. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने सभासदत्वाचे कार्ड मागितले. नकार मिळाल्यावर प्रत्येकाने मांडणीतले एक पुस्तक उचलले आणि वेगळ्या टेबलावर जाऊन शांतपणे वाचत बसला. पोलीस बोलावले गेले आणि वाचत बसलेल्या पाच जणांना अटक झाली. या कृतीमागे सॅम्युअल टकर हे तरुण वकील होते. शहराने यावर काढलेला तोडगा नीट पाहण्यासारखा आहे: १९४० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी निराळी, लहान शाखा बांधून दिली. टकर यांनी त्या शाखेचे कार्ड घ्यायला लेखी नकार दिला. पुस्तके तर मिळणार होती, तरी नकार दिला. त्यांची मागणी त्याच दारातून आत जाऊन त्याच टेबलाशी बसण्याची होती.

आज ‘अमक्यांना प्रवेश नाही’ असा फलक कोणी लावत नाही. पण ‘त्यांच्यासाठी’ निराळा कोपरा, ‘त्यांच्यासाठी’ निराळी वेळ, ‘त्यांच्या’ वस्तीत दोन कपाटांची शाखा आणि मुख्य ग्रंथालय मात्र जुन्या सभासदांचे, अशी आखणी अजूनही चांगल्या हेतूने होते. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण नव्याने आलेल्या माणसाची पुस्तके, त्याचा वर्ग, त्याची मुले हे सगळे मुख्य वाचनकक्षाच्या वाटेवरच असले पाहिजे. त्याच्या भाषेतली पुस्तके मागच्या खोलीत ठेवली तर ती वाचायला तो मागच्या खोलीतच जाईल आणि तुमचे जुने सभासद त्याला कधी पाहणारही नाहीत.

भाषेबद्दल एक गैरसमज मला वारंवार भेटला आहे. ‘त्यांच्या भाषेतली पुस्तके ठेवली तर ते आपली भाषा कशाला शिकतील?’ असा प्रश्न समितीत येतो. माझा अनुभव उलट आहे. ज्या जागेत आपल्या भाषेतले एक पुस्तक दिसते त्या जागेत माणूस दुसऱ्यांदा येतो, आणि दुसऱ्यांदा आला तरच तो संभाषणवर्गाची वेळ विचारतो. न्यूयॉर्कमध्ये १९२१ साली हार्लेममधल्या १३५व्या रस्त्याच्या शाखेत एर्नेस्टीन रोझ या ग्रंथपालांनी पुरा बेलप्रे या पोर्तो रिकोहून आलेल्या तरुणीला कामावर घेतले. आसपासच्या वस्तीत स्पॅनिश बोलणारी कुटुंबे वाढत होती. १९२९ मध्ये बेलप्रे ११५व्या रस्त्याच्या शाखेत गेल्या. त्यांनी मुलांना स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत गोष्टी सांगायला सुरुवात केली, बाहुल्यांचे खेळ केले, आपल्या बेटावरच्या लोककथा आणल्या. मुलांच्या मागोमाग आया आल्या. ‘इंग्रजी येत नाही म्हणून हे दार आपले नाही’ असे समजणाऱ्या घरांनी ग्रंथालयात पाऊल टाकले. बेलप्रे यांच्या या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की ते वर्षानुवर्षे चालले, आणि ते करायला त्या वस्तीतलीच व्यक्ती पगारावर नेमलेली होती. तुम्ही मात्र हे काम स्वयंसेवकांवर सोडता. स्वयंसेवक मोलाचे, पण परीक्षा आली, बदली झाली, घरी आजारपण आले की ते जातात. त्यांचे जाणे रास्तच असते. वर्ग मात्र मोडतो.

कर्मचारी हा यातला खरा दुवा आहे. नॉर्वेतलेच अभ्यासक आंद्रेआस वॉरहाइम यांनी निर्वासितांसाठीच्या ग्रंथालयीन उपक्रमांचा अभ्यास करून दाखवले की नवख्या माणसाचा विश्वास आधी ग्रंथालयावर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर बसतो आणि तिथून तो इतर लोकांपर्यंत पसरू शकतो. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. टेबलाशी येणारा माणूस आधी चेहरा ओळखतो. आज एक, उद्या दुसरा, परवा यंत्र, असे झाले की तो अर्ज घडी करून खिशात घालतो आणि परत जातो.

अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहराचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राउन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाल्यावर शहर पेटले, शाळा उघडणे लांबले. तिथले लहानसे नगर ग्रंथालय उघडे राहिले. शिक्षक आणि स्वयंसेवक तिथे जमले आणि मुलांचे वर्ग तिथेच भरले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तणाव वाढून शाळा बंद झाल्या, तेव्हाही ते उघडे होते. पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रीय पातळीवरचा ‘वर्षाचे ग्रंथालय’ हा सन्मान मिळाला. शहर दुभंगलेले असताना दोन्ही बाजूंची माणसे ज्या दारातून आत जाऊ शकत होती ते दार त्या आठवड्यात नव्याने बांधलेले नव्हते. आधीची कित्येक वर्षे ते साध्यासुध्या दिवशी उघडे राहिले होते, म्हणून त्या दिवशी लोकांचे पाय तिकडे वळले. संकटाच्या दिवशी एकोपा हवा असेल तर संथ संध्याकाळी दिवे चालू ठेवावे लागतात.

आता कर्मचाऱ्यांविना चालणाऱ्या ग्रंथालयांविषयी. डेन्मार्क आणि त्याच्या शेजारी देशांत अशी सोय आहे: कर्मचारी घरी गेल्यावरही सभासद आपले कार्ड दाखवून आत जातो, पुस्तक घेतो, वाचत बसतो. जादा तास म्हणून ही सोय चांगलीच आहे. रात्रपाळी करणाऱ्याला तिचा उपयोग होतो. पण ती कर्मचाऱ्यांच्या तासांवर भर म्हणून असली तर. त्यांच्या बदल्यात आणली तर दार फक्त ज्याच्याकडे आधीच कार्ड आहे त्याला उघडते. ज्याच्याकडे कार्ड नाही, ज्याला ते कसे मिळते हे विचारायचे आहे, तो काचेबाहेर. ज्यांना जोडून घ्यायचे आहे असे तुम्ही म्हणता तो तर हाच माणूस आहे.

कार्डावरून आठवले. सभासद होण्यासाठी कायमच्या पत्त्याचा पुरावा, जामीनदार आणि अनामत मागणारे नियम पुस्तके हरवू नयेत म्हणून केले गेले, हे मला ठाऊक आहे. पण भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. पत्त्यावर पाठवलेले पोस्टकार्ड तो घेऊन आला तरी पुरेसे मानता येते, आणि कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत एका पुस्तकाचे तात्पुरते कार्ड देता येते. उशिराच्या दंडाचेही तसेच. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा दंड रद्द केला. वर्षानुवर्षे घरी पडून राहिलेली पुस्तके परत आली आणि दंडाच्या धास्तीने तोंड फिरवलेले वाचकही परतले. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये तेच केले. दंडाची रक्कम सुस्थितीतल्या वाचकाच्या ध्यानातही राहत नाही. गरीब घरातली आई मात्र तेवढ्यासाठी मुलाला ग्रंथालयात जायला बंदी करते. हे मी टेबलामागून पाहिले आहे.

तुमच्याकडे तक्रारी येतात, त्यांचीही दखल घेते. शांतता हवी म्हणणाऱ्या वाचकांच्या बाजूने मी आहे. एका खोलीत सहा माणसांच्या घरातून आलेल्या मुलीला अभ्यासाला दुसरी शांत जागा नाही. तिच्यासाठी दार लागणारी खोली हवी, तिथे कुजबुजसुद्धा नको. पण म्हणून साऱ्या इमारतीत बोलणे बंद, हा न्याय नाही. जागा लहान असेल तर वेळा वाटून द्या. दुसरी तक्रार टेबलावर डोके ठेवून झोपणाऱ्या, सगळे सामान बरोबर घेऊन फिरणाऱ्या बेघर माणसाची. तो शेजारी नको वाटतो, हे लोक उघड बोलतात. त्याला हाकलणे सोपे. त्याला निवारा शोधून देणे हे ग्रंथपालाच्या प्रशिक्षणात नसते आणि ते त्याच्यावर लादणेही योग्य नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने यासाठी २००९ मध्ये पूर्णवेळ समाजकार्यकर्ती नेमली. एका कर्मचाऱ्याचे वेतन, आणि तिथल्या इतरांना आपापले काम करायला मोकळीक. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ पासून आहे, २०२२ मध्ये तो पुन्हा सुधारला गेला, आणि वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा, सामाजिक स्थान काहीही असो, सेवा सर्वांना समान, असे तो सांगतो. झोप लागलेला माणूस या यादीत बसतो.

या सगळ्याला मोजमाप काय, असे तुम्ही विचाराल. आज तुमच्यापुढे येणाऱ्या तक्त्यात पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या आणि देवघेव एवढेच रकाने असतात. देवघेव घटली की शाखा ‘अनावश्यक’ ठरते. वाचनकक्षात बसणारे, अर्ज वाचून घेणारे, मुलांना गोष्ट ऐकवायला आणणारे, कार्डाविना रोज येणारे यांची त्यात नोंदच नाही. मग घटलेल्या आकड्याच्या आधारे तास कमी होतात, तास कमी झाले की कामकरी माणूस येऊ शकत नाही आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी घटतो. अशा रीतीने शाखा बंद पडताना मी पाहिल्या आहेत.

म्हणून माझे मागणे असे आहे. येत्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाच्या तक्त्याला दोन रकाने जोडा: कामाच्या वेळेनंतर आणि सुटीच्या दिवशी ग्रंथालय किती तास उघडे राहिले, आणि त्या तासांत टेबलामागे कायम नेमणुकीचे किती कर्मचारी हजर होते. हा तक्ता प्रत्येक शाखेच्या दारावर लावा, म्हणजे लोकांनाही तो वाचता येईल. रिकाम्या जागा भरताना त्या वस्तीची भाषा जाणणाऱ्यांना प्राधान्य द्या. सभासदत्वाच्या अर्जातून जामीनदाराची ओळ काढून टाका. त्यासाठी निधी लागत नाही, एक ठराव लागतो. आणि पैशांची ओढाताण खरोखर असेल, काहीतरी कापावेच लागणार असेल, तर यंदाचा महोत्सव कापा. संध्याकाळची पाळी राहू द्या.

या पत्राला लेखी उत्तर द्यावे आणि ते ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावावे, ही विनंती.

आपली,
देवघेव विभागातली एक निवृत्त कर्मचारी